एका हाकेला ओ नाही

लग्नानंतर मुंबईला निघाले त्या दुपारी माझी आई एस.टी.च्या फाट्यापर्यंत आलीच नाही. बाकी सगळी वाडी आली होती. चुलते आले, शाळेतल्या मैत्रिणी आल्या, कुंपणावरून ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं तेही आले आणि खिडकीतून नारळ देऊन गेले. आई तेवढी घराच्या उंबऱ्यावर थांबली. जाणाऱ्या माणसाला पाठून हाक मारायची नसते, आणि आपल्या तोंडाचा तिला भरवसा नव्हता.

"फाट्यार इलंय तर तोंडातसून हाक जायत," ती म्हणाली. "मी हयच बरी."

मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिने आशीर्वाद दिला नाही, बजावलं. "थय कोणी हाक मारल्यान तर एका हाकेक ओ देव नको हां."

आमच्याकडे हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. तिन्हीसांजेला, भर दुपारी, पाण्याच्या बाजूने कुणी नाव घेऊन हाक मारली की गप्प राहायचं. माणूस असेल तर पुन्हा मारील, तीनदा मारील, शिव्या देत घरात येईल. दुसरं काही असेल तर ते एकदाच हाक मारतं आणि तुम्ही ओ देण्याची वाट बघत बसतं. वडील गेले तेव्हा मी लहान होते. तेव्हापासून वाडीच्या टोकाच्या त्या घरात आम्ही दोघीच. बुंध्याशी फळं धरणारा फणस, मागे विहीर, आणि पावसात फुगून बसलेलं मागचं दार. ते जरा उचलूनच लावावं लागे. दोन बायका एकट्या राहत असल्या की असे नियम जास्त पाळले जातात.

एस.टी. सुटली, मी घाटापर्यंत रडले, घाटात उलटी झाली आणि मग झोपले. आमचे हे सांगतात की झोपेत मी कुणाला तरी काही म्हणत होते. काय, ते त्यांना कळलं नाही.

मुंबई म्हणजे गर्दी असं मी ऐकलं होतं. माझ्या वाट्याला आली ती मुलुंडची, डोंगराच्या अंगाची शेवटची बिल्डिंग. आमच्यापुढे रस्ता संपायचा. विजेचे खांब उभे होते, पण दिवे लागायचे होते. पलीकडे माळ, माळाच्या पलीकडे झाडी, आणि झाडीतून बिबट्या उतरतो म्हणून संध्याकाळी कुत्री जिन्यात येऊन बसायची. सकाळी पुरुष कारखान्यांत गेले, पोरं शाळेत गेली की दुपारी बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नसे. बायका दारं लावून आडव्या व्हायच्या. जिन्यात चप्पल वाजली तरी माझ्या अंगावर काटा यायचा. गावात निदान माड वाजतात, कोंबड्या ओरडतात. इथे भर दुपारी नुसता पंख्याचा आवाज, आणि तोही वरच्या मजल्यावरचा.

आणि मी एका हाकेला ओ देत नसे. आईने बजावलं होतं म्हणून नव्हे, जमतच नसे. समोरच्या दारातली मंदा पहिल्या आठवड्यातच वैतागली. मंदा लालबागची. गिरणीचा संप झाला, तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा तिथली खोली सोडून ही माणसं इकडे आली होती. तिच्या तोंडाला कधी फाटक नव्हतं.

"ए शुभा, बहिरी आहेस काय गं? घसा सुकला माझा! रॉकेलवाला निघून गेला, आता बस काड्या पेटवत."

मी तिला नियम समजावून सांगितला. ती कमरेवर हात ठेवून हसली. "म्हणजे मी भूत? वाट लागली यार तुझ्या नवऱ्याची!" त्या दिवसापासून ती मला मुद्दाम तीनदा हाक मारायची, हजेरी घेतल्यासारखी, आणि तिसऱ्या हाकेला दार ढकलून आत यायची.

कमलताईंच्या घरी मला मंदानेच नेलं. कमलताई तळमजल्यावर एकट्या राहत. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, मिस्टर गेलेले. दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे आम्ही तिघी जमायचो, कधी आणखी एखादी. चहा त्यांचा, खाणं ज्याचं त्याचं. पहिल्या शनिवारी मी दारात चपला काढते आहे तोच त्यांनी विचारलं, "काय मग, सध्या काय चाललंय?"

मी म्हटलं, "बरं चाललंय. ह्यांची पहिली पाळी आहे, आणि पाणी आता चार वाजता येतं."

मंदा भिंतीला टेकून हसत सुटली. तिथे "सध्या काय चाललंय" म्हणजे सध्या कुठलं पुस्तक वाचतेस. मला काय ठाऊक! मी आयुष्यात धड असं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. गावात मी वाचायचे ते वाण्याच्या पुड्यांचे कागद. साखरेच्या पुडीवर गोष्ट सुरू व्हायची आणि पुढचं पान कुणाच्या तरी घरी डाळीबरोबर गेलेलं असायचं. मी तसं सांगितलं. मला वाटलं, आता या हसणार. पण कमलताईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग तू आमच्यातलीच."

कारण त्यांचा कायदाच तसा होता. स्टेशनजवळच्या लायब्ररीतून पुस्तक आणायचं, त्याला खाकी कव्हर घालायचं, आणि शनिवारी आपण जिथवर वाचलं तिथवरच सांगायचं. पुढचं वाचून ठेवलेलं असलं तरी सांगायचं नाही. नाव तर अगदी शेवटी. ज्याला राहवणार नाही त्याने आपल्या पाळीला ते पुस्तक आणावं. मंदा पाकातल्या पुऱ्या खात खुनाच्या गोष्टी सांगायची आणि हटकून खुनी कोण ते फोडायची. मी हळूहळू वाचू लागले. पहिल्यांदा पातळ पुस्तकं, मग जाडी. गावी मी आईशी बोलायचे ते फणस, पाणी आणि चुलत्यांच्या भांडणाबद्दल. इथे मी तिऱ्हाईत बायकांना सांगत होते की कालपासून मी एका वकिलाच्या घरात राहते आहे आणि त्याची बायको मला मुळीच पटत नाही. असं बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. या शहराने मला आणखी काही दिलं नसतं तरी एवढ्यासाठी मी त्याचं देणं मानलं असतं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. तेव्हाची ही गोष्ट.

कमलताईंनी एक नवं पुस्तक काढलं होतं. कोकणातलं एक घर, म्हणाल्या. वाडीच्या टोकाला. घरात एकटीच बाई राहते, तिची मुलगी लग्न होऊन लांब गेली आहे. अंगणातल्या फणसाला बुंध्याशी फळं लागतात. मी मनात म्हटलं, लागतात की, तसे फणस काय एकच असतात? कमलताई वाचून दाखवायच्या नाहीत, पुस्तक मांडीवर मिटून ठेवायच्या आणि हलक्या आवाजात सांगायच्या. शाळेतला आवाज त्यांनी शाळेतच ठेवला होता. आम्ही ऐकायला पुढे झुकायचो.

"तिन्हीसांजेला ती दिवा लावायला मागच्या दारी येते," त्या म्हणाल्या, "तर विहिरीच्या बाजूने तिच्या नावाने हाक येते. एकदाच."

"भुताचं आहे का ताई?" मंदा म्हणाली. "झकास! मला भुताचीच आवडतात."

मी विचारलं, "मग तिनं ओ दिली?"

"नाही दिली. आत आली आणि दार लावून घेतलं. ते दार जरा उचलून लावावं लागतं."

मी हातातला कप खाली ठेवला. मंदाला वाटलं पोटात बाळ हललं.

पुढच्या शनिवारी कमलताईंनी सांगितलं की हाक रोज येते आहे, आणि आवाज त्या बाईच्या मुलीचा आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी सांगितलं की बाईने दिवा लावणं सोडलं. ऊन उतरायच्या आत ती दार लावून घेते, रात्री जेवत नाही. तिला वाटतं की मुलगी तिकडे मेली, आणि आता जे हाक मारतंय ते तिचा आवाज घेऊन आलं आहे. सांगताना कमलताईंच्या चेहऱ्यावर आपण काही भयंकर सांगतो आहोत असं मुळीच नव्हतं. गोष्ट सांगतात तसं त्या सांगत होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं, माळावर एक माणूस नव्हता, आणि मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या घरात शिरून माझ्या आईच्या पाठीशी उभं राहून मला सांगतंय.

मला राहवलं नाही. कायदा मोडून मी म्हटलं, "ताई, ते पान मला दाखवा."

माझा चेहरा बघून त्यांनी कव्हर घातलेलं पुस्तक उघडलं आणि पान शोधायला लागल्या. "डाव्या पानावर आहे, खालच्या अंगाला," म्हणत त्यांनी चाळलं. मग उलटं चाळलं. फणस होता. दार होतं, उचलून लावायचं. एकटी बाई होती, आणि तिची लांब गेलेली मुलगी. हाक कुठेच नव्हती. पुस्तकातली बाई रोज तिन्हीसांजेला दिवा लावत होती, जेवत होती, शेजारणीशी भांडत होती आणि सुखाने झोपत होती. मी शेजारी बसून एकेक ओळ वाचली. मंदाने वाचली. कमलताईंनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"मी वाचलंय गं," त्या म्हणाल्या. "या डोळ्यांनी वाचलंय. मनचं सांगायची मला सवय नाही."

ते खरंच होतं. सांगताना त्या एक विशेषणही इकडचं तिकडे करत नसत. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी आम्हा दोघींना विचारलं, अगदी विद्यार्थ्याने विचारावं तसं, "मग मी हे कुठे वाचलं?"

मंदाच्या पुऱ्या तशाच राहिल्या.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, या दिवसांत असले विचार येतातच, पुस्तकं कमी कर. आमच्या ह्यांच्याकडे सगळ्या दुखण्यावर कमी करायचं काहीतरी असतं. पण मला आईची काळजी लागली ती लागलीच. सातवा महिना लागला होता, डॉक्टरांनी एस.टी.चं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ह्यांना रजा नव्हती. वाडीत फोन नव्हता. तार करायचा विचार मनात आला, पण आमच्याकडे तार म्हणजे माणूस गेल्याची बातमी. पोस्टमनला फाट्यावर बघूनच ती आडवी झाली असती.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दत्ताकाका दारात उभे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आईच्या शेजारचं घर यांचंच. घाटकोपरला भाच्याकडे पंधरवडाभर आले होते. डोक्यावर पिशवी, पिशवीत आमसुलं आणि उकड्या तांदळाची पुरचुंडी. मी आनंदाने "या ना काका" म्हटलं, तर ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. माझ्या तोंडाकडे न बघता खाली बघत राहिले.

"पाय दाखय गो जरा," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. मी साडीचा घोळ उचलून पाय पुढे केले. माणसाचे असतात तसे पुढेच होते, थोडे सुजलेले. काकांनी ते बघितले, मग माझा हात हातात घेऊन दाबून बघितला, आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, बैलाला एका हाताने आवरणारा.

आत येऊन पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं. "तुझी आवस तिनीसांजेच्या आधी दार लावन बसता. भायर शुभा हाक मारता म्हणता. एकच हाक, विहिरीच्या बाजून. ती ओ देणा नाय. आता जेवणाव नाय. म्हणता, माझा चेडू रवला नाय, तुम्ही मुंबयक जावन बघून येवा."

आवस म्हणजे आई. जी रवली नाही, जिवंत उरली नाही, ती चेडू म्हणजे मी. हे शेजारी उभे होते. मी त्यांना पुस्तकाबद्दल आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मागाहून बनवलं असं म्हणायची त्यांना सोय नव्हती.

मंदा समोरून वाटी घेऊन आली होती, पाहुणे दिसले की ती यायचीच. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं पण तू मारतेसच की हाक."

"कुणाला?"

"मला काय माहीत कुणाला! रोज दिवेलागणीला गॅलरीत उभी राहतेस, डोंगराकडे बघत, आणि 'आये' म्हणतेस. एकदाच. मग आत जाऊन दिवा लावतेस. मला वाटलं, असेल बाई यांच्याकडची रीत, म्हणून बोलले नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मीपण ऐकलंय. सुट्टीच्या दिवशी. मला वाटलं, आई आठवत असेल."

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आजही नाही. त्या वेळी मी गॅलरीत जायचे हे आठवतं, वाळत घातलेले कपडे काढायचे हे आठवतं. हाक मारल्याचं आठवत नाही. आपलं तोंड आपल्या नकळत रोज एक शब्द बोलतंय, आणि तो शब्द घाट ओलांडून आपल्याच आईला घाबरवतोय, हे कळल्यावर मी खाटेवर बसले आणि पोटावर हात ठेवला. आई उपाशी मरेल, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, खात्रीच झाली. काका परत जाईपर्यंत ती टिकणार नाही. आणि तिला मारलं कुणी, तर मी.

घाबरले नव्हते ते एकटे काका. त्यांना सगळं लख्ख समजलं होतं. उलट ते माझ्यावरच चिडले, लहानपणी दार उघडं टाकलं म्हणून चिडायचे तसे.

"मगे एकदाच कित्याक मारतस? शिकवलेला विसारलंस? जित्या माणसान तीन मारूचे असतत. ती बिचारी ओ देतली कशी?"

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. माझ्यासारखे जे निघून आले ते हसतील. मी तेव्हा कमलताईंचे कायदे आणि पुस्तकं शिकलेली मुलुंडची बाई होते, आणि काकांचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

हे तेवढ्यात पत्र लिहायला बसले. लिहा म्हटलं. पण आईला वाचता येत नाही, पोस्टमन वाचून दाखवणार, आणि ती म्हणणार की बायको मेल्याचं जावयाने झाकून ठेवलंय. तिला मी ओळखते.

सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा मी गॅलरीत उभी राहिले. मागे खोलीत काका, हे आणि मंदा. कमलताईंना मंदाने खालून बोलावून आणलं होतं. माळावर उजेड होता आणि झाडीत नव्हता. जिन्यातली कुत्री आज उठून बाहेर गेली होती. मी पहिल्यांदा "आये" म्हटलं ते रोज म्हणत असेन तसंच, तोंडातल्या तोंडात. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई कपडे काढता काढता थांबली. तिसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि वाडीत म्हशीला मारतात तशी हाक मारली. इतका मोठा आवाज माझ्या अंगात आहे हे मला माहीत नव्हतं. चार मजल्यांच्या खिडक्यांत डोकी आली.

मग मी ऐकत राहिले. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. डोंगराकडून काहीही आलं नाही. मी मान पुढे करून, श्वास धरून ऐकलं. काहीही नाही.

"झाला," काका मागून म्हणाले. "आता चाय ठेव."

पत्र दुसऱ्या दिवशी पेटीत पडलं. ते मुंबईच्या बाहेर तरी गेलं होतं की नाही कोण जाणे, तेवढ्यात ही गोष्ट झाली. भर दुपार होती. हे कामावर, मंदा रेशनच्या रांगेत. मी आडवी झाले होते. आणि दाराबाहेरून आईच्या आवाजात हाक आली.

"शुभा."

बेल वाजली नव्हती. जिन्यात चप्पल वाजली नव्हती. मी उठून बसले आणि तोंडावर पदर दाबला. माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. आई गेली, ही एक. आणि ओ द्यायची नाही, ही दुसरी. मी पोटावर दोन्ही हात धरून दाराकडे बघत बसले. तेवढा वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा न येवो.

"शुभा." मग जरा रागाने, "गो शुभा! मेल्या दाराक कडी खय आसा?"

मी दार उघडलं. आई अनवाणी उभी होती, चपला काखेत, डोक्यावर गाठोडं. तिला बेल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. वाडीतला एकजण मुंबईच्या एस.टी.ने येत होता, त्याने तिला बिल्डिंगपर्यंत आणून सोडलं आणि आपल्या वाटेने गेला. ती जिना चढून, दारावरच्या पाट्या न वाचता, बरोबर आमच्या दाराशी आली होती. कशी, ते मी विचारलं नाही. तिने पहिल्यांदा माझे पाय बघितले. मग पोट. मग चेहरा.

"तीन हाका मारलंस," ती म्हणाली. "म्हणान इलंय."

मी तिला धरून आत आणलं. ती किती वाळली होती, हाताला नुसती हाडं लागत होती. मी भात टाकला आणि ती जेवली, अधाशासारखी जेवली, आणि मध्येच घास थांबवून म्हणाली, "मी ओ दिलंय हां. त्याच घडयेक. मागल्या दारात उभी रवान मोठ्यान ओ दिलंय. तुका आयकाक इली मां?"

हो म्हणणं काय कठीण होतं? पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती. मी म्हटलं, "नाही गं आये."

"असांदे," ती म्हणाली आणि भातावर आमटी ओढून घेतली.

याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आजही वाटतं. माझी तोंडातल्या तोंडात मारलेली हाक तिला तिकडे ऐकू गेली. तिची घसा फोडून दिलेली ओ माझ्यापर्यंत आली नाही, आणि मी तर कान लावून उभी होते.

त्या शनिवारी मी तिला कमलताईंकडे नेलं. ती भिंतीशी पाय पोटाशी घेऊन बसली आणि आमच्याकडे बघत राहिली, या एवढ्या मोठ्या बायका गोष्टी काय सांगतायत म्हणून. माझं झालं, मंदाचं झालं. कमलताईंनी ते कोकणातल्या घराचं पुस्तक परत देऊन टाकलं होतं. शेवट न वाचता. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच. आता त्या आईकडे वळल्या आणि सवयीने म्हणाल्या, "आणि तुमचं? सध्या काय चाललंय?"

मी सांगायला गेले की तिला वाचता येत नाही. पण आईने प्रश्न माझ्यासारखाच समजून घेतला आणि सांगायला लागली. घराचंच सांगितलं. फणस यंदा कमी धरला. विहिरीचं पाणी खाली गेलं, पण गोड आहे. मांजरीने माळ्यावर पिल्लं घातली. चुलत्यांचं कुंपण पुन्हा एक हात पुढे आलं. तिघी जणी पुढे झुकून ऐकत होतो. कमलताई तर डोळे मिटून. आई सांगत गेली की हाका ऐकल्या, ओ दिली, रात्री गाठोडं बांधलं, सकाळी चूल विझवली, मागचं दार उचलून लावलं, पुढचं ओढून घेतलं आणि फाट्यावर आली. इथे ती थांबली.

"मग? पुढे?" मंदा म्हणाली. तिला कधीच दम निघाला नाही.

"फुडला माका काय ठावक?" आई म्हणाली. "मी हय इलंय."

बाळंतपणाला म्हणून ती राहिली आणि मग राहिलीच. माझी मुलगी आता शाळेत जाते, आईच्या तोंडची मालवणी आणि मंदाची मुंबई एका वाक्यात बोलते. बिल्डिंगपुढे रस्ता झाला आहे, खांबांना दिवे आले आहेत, आणि डोंगराच्या बाजूला आणखी बिल्डिंगी उभ्या राहतायत. आई गॅलरीत बसून त्या मोजते. ती सुखात आहे असं मला वाटतं. गावी जाऊया म्हटलं की पुढच्या वर्षी म्हणते, आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटतं.

कारण मला त्या घराची भीती वाटते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आई तिथे होती तोवर ते माझं घर होतं, लांबचं, रडवणारं, पण माझं. आता काका महिन्याकाठी जाऊन केर काढतात, तेही उन्हं असताना. आम्ही दोघी इथे जेवतो, भांडतो, दिवा लावतो. तिथे त्याच वेळी अंधार पडत असतो, आणि घरात आमच्यापैकी कुणीही नसतं.